हिऱ्याच्या नोंदीतला शेरा

बसवराज नावाच्या वळूच्या पानावर, त्याच्या आज्याच्या नावाखाली एक ओळ उमटली होती, आणि ती ओळ ज्योत्स्नानं लिहिलेली नव्हती.

‘नोंद खोटी आहेबाप देवणी नाही गीर वळूसटवाजीनं पाहिलंआप्पांची चिठ्ठी ज्योत्स्नाचं नांदेडचं वसतिगृहचूक माझी’

वाक्याला वाक्य चिकटलेलं, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला वाटलं, फॉन्टानं काहीतरी घोळ घातला असेल. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ‘खोटी’ हा शब्द नीट दिसला. तिसऱ्यांदा स्वतःचं नाव दिसलं.

शुक्रवारचे अकरा वाजले होते. लातूरच्या औसा रोडवरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात एरवीसारखंच चाललं होतं. खाली क्लास सुटलेल्या पोरांचा कल्ला, वर पंख्याची कुरकुर. शेजारच्या टेबलावरचा भागवत कुणाला तरी फोनवर समजावत होता की लोगो मोठा केला म्हणून धंदा मोठा होत नसतो. ज्योत्स्नानं स्क्रीन हळूच आपल्याकडं वळवून घेतली. पस्तीस वर्षांच्या आयुष्यात बापाची कुठली गोष्ट लोकांपासून लपवायची वेळ तिच्यावर आजवर आली नव्हती.

कारण बाप कोण, तर आनंदराज सोनकांबळे. पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस. नोकरी सांभाळून तीस वर्षं त्यांनी देवणी गोवंश नोंद मंडळाची वही सांभाळली. मोटारसायकलवर गावोगाव फिरायचं, जनावराच्या छातीला टेप लावायचा, कानातला बिल्ला तपासायचा आणि मगच लिहायचं. मालक कितीही मोठा असो, दूध अर्धा लिटर वाढवून लिहा म्हटलं तर हे वही मिटून गाडीला किक मारणार. त्या भागात म्हणायचेच, आनंदरावांनी लिहिलं मंजी गाईनं बी न्हाई म्हणू नये. घरात ज्योत्स्ना लहानपणी गणिताच्या पेपरात बघून लिहिताना सापडली, तेव्हा त्यांनी मारलं नाही, नुसतं आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तो मुका मार तिला अजून आठवतो.

उद्या देवणीला जनावरांचं प्रदर्शन होतं. तिथं ज्योत्स्नानं तयार केलेली मंडळाची नवी वेबसाइट उघडायची होती आणि आनंदराजांचा सत्कार व्हायचा होता. शिवाय प्रदर्शनाची एक जुनी रीत होती. पहिल्या नंबरचा वळू रिंगणात आला की हार घालायच्या आधी त्याची वंशावळ माईकवरून मोठ्यानं वाचायची. बाप, आजा, पणजा, सगळं. वाचताना मध्ये थांबायचं नाही, थांबलं तर वळूला अशुभ, असं मालक लोक मानतात. आनंदराजांचा असल्या शकुनांवर काडीचा विश्वास नाही, पण लोकांचा मान राखून ते दर वर्षी एका दमात वाचायचे. यंदा ते वहीऐवजी वेबसाइटच्या पानावरून वाचणार होते. आणि पहिला नंबर मंडळाचे अध्यक्ष महादेवप्पा बिरादार, म्हणजे सगळ्यांचे आप्पा, यांच्या बसवराजचा येणार, हे देवणीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

आता ही ओळ आली कुठून, ते सांगायला हवं.

वहीतल्या नोंदी आनंदराज मंडळाच्या कॉम्प्युटरवर उतरवायचे, आणि तिथल्या जुन्या प्रोग्रॅमनं प्रत्येक जनावराची नोंद एक्सएमएलमध्ये साठवून ठेवली होती. एक्सएमएल म्हणजे वाण्याच्या दुकानातल्या पुड्या समजा, आणि प्रत्येक पुडीवर आत काय आहे त्याचं नाव. ही नावाची, ही रंगाची, ही आईची, ही बापाची. पुड्या कितीही नीट बांधलेल्या असल्या तरी तशाच्या तशा माणसापुढं ठेवता येत नाहीत. त्यांचं ब्राउझरात दिसणारं पान, म्हणजे एचटीएमएल, करायचं तर एक स्टाइलशीट लिहावी लागते आणि तिच्यात एकेका टॅगसाठी, म्हणजे पुडीवरच्या नावासाठी, एकेक टेम्प्लेट. ज्योत्स्ना त्याला साचा म्हणते. ‘नाव’ दिसलं की ठळक मथळा कर. ‘बाप’ दिसला की त्या बापाची नोंद शोधून आण आणि खाली जोड; मग त्याचा बाप, मग त्याचा. असे वीसेक साचे लिहिले की साडेतीन हजार जनावरांची पानं यंत्र आपणहून रचून देतं.

गोम एकच. ज्या टॅगसाठी साचा लिहिलेला नाही, तो टॅग यंत्र वगळत नाही. त्याच्या आत जे असेल ते जसंच्या तसं पानावर ओतून मोकळं होतं. ज्या पाहुण्याला कुठं बसायचं ते सांगितलं नाही, तो जसा नेमका दारात फतकल मारून बसतो, तसलाच प्रकार. हा नियम ज्योत्स्नाला पाठ होता. ऑफिसात नवीन आलेल्या तिघांना तिनंच तो शिकवला होता. पण नोंदींमध्ये ‘शेरा’ नावाचा टॅग आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. जुना प्रोग्रॅम ठरलेले रकाने तेवढे छापायचा, त्यात शेरा नसायचा. आणि काम सुरू करताना नमुन्याच्या पाच फायली तिला बाबांनीच निवडून दिल्या होत्या. दुसऱ्या कुणी दिल्या असत्या तर तिनं संशयानं सगळ्या साडेतीन हजार चाळल्या असत्या. बाबांनी दिल्यात म्हटल्यावर तिनं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

तिनं मूळ फाइल उघडली. हिऱ्या. जन्म सतरा जून दोन हजार आठ. आई चंद्री, मालक महादेवप्पा बिरादार. बाप: देवणी, मंडळाचा वळू. आणि सगळ्यात खाली शेरा, त्याच्या आत पाच लहान पुड्या, एकेकीत एकेक वाक्य. पानावर येताना त्या पाचही एकमेकींत सांडल्या होत्या एवढंच. पुडीच्या बाहेरच्या कागदावर लिहिणारा: आ. सो. तारीख एकोणीस जून.

मग तिनं ती ओळ आणखी कुठं कुठं आली ते शोधलं. उत्तर आलं, एकशे त्रेसष्ट पानं. तिनं पुन्हा शोधलं. पुन्हा एकशे त्रेसष्ट. हिऱ्या पुढं मंडळाचा वळू झाला होता; देवणी, उदगीर, चाकूर, देगलूर, कुठल्या कुठल्या गोठ्यांत त्याची वासरं आणि वासरांची वासरं पोचली होती. त्या प्रत्येकाच्या पानावर वंशावळ, वंशावळीत हिऱ्या, हिऱ्याखाली बापाचा कबुलीजबाब.

एकोणीस जून तिला आठवत होता. नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता आणि राहायला जागा नव्हती. भाड्यानं खोली करून एकटी पोर ठेवायची नाही, असं आजीपासून चुलत्यापर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात महादेवप्पांचा शब्द चालायचा. त्या संध्याकाळी बाबा देवणीहून आले, खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली चिठ्ठी काढली आणि म्हणाले, जा, बॅग भर. ती एवढी नाचली होती की आईनं रागावून तिला पाणी भरायला पाठवलं. बाबा मात्र त्या रात्री जेवले नव्हते. ऊन लागलं म्हणाले होते.

यावर उपाय एका ओळीचा असतो. ‘शेरा’साठी साचा लिहायचा आणि आत काहीच लिहायचं नाही. रिकामा साचा. यंत्र तिथं येतं, साचा आहे हे बघतं, आत काही नाही म्हणून गपगुमान पुढं जातं. ज्योत्स्नानं ती ओळ लिहिली, बघितली, खोडली. मग लॅपटॉप पिशवीत टाकला, भागवतला म्हणाली, घरी जाऊन येते, आणि चाकूरची एसटी धरली. बाबा म्हणतील हे दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय. एवढंच त्यांनी म्हणावं, बाकी तिला काही नको होतं.

चाकूरला घरापुढच्या अंगणात आनंदराज पेपर वाचत बसले होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात मोजायचा टेप असतोच. आई, सरजाबाई, आत उद्याच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होती.

“तू उद्या सकाळी येणार व्हतीस ना?” आई म्हणाली. “जेवलीस का?”

“जेवते नंतर,” म्हणत ज्योत्स्नानं लॅपटॉप बाबांच्या पुढ्यात स्टुलावर ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

आनंदराजांनी चष्मा सारखा केला. ओठ न हलवता ओळ वाचली. पेपराची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली.

“हे हितं कसं काय आलं?” ते म्हणाले.

ते खोटं आहे असं म्हणाले नाहीत. कुणी लिहिलं असंही विचारलं नाही. इथं कसं आलं, एवढंच.

“बाबा, हे खरं आहे का?”

“मी तुला पाच फायली काढून दिल्या व्हत्या,” आनंदराज म्हणाले. “त्या पाचांत न्हवतं हे.”

“म्हणजे तुम्ही बघून दिल्या? शेरा नसलेल्या?”

आईची इस्त्री थांबली. ज्योत्स्नाला वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगणात येऊन बसलोय. हा माणूस पेपरात बघून लिहिलं म्हणून आठ दिवस अबोला धरणारा, आणि यानंच तिला निवडून निवडून फायली दिल्या होत्या.

“सांगा तरी,” सरजाबाई आतून म्हणाली. “पोरगी इचारून राहिली.” तिच्या आवाजावरून कळलं की तिलाही आजच कळत होतं.

मग आनंदराजांनी सांगितलं. सांगताना नजर सारखी खिशातल्या टेपाकडं.

“चिठ्ठी मागाया गेलो व्हतो आप्पाकडं. मागितली न्हवती अजून. तर चंद्री व्यालेली, हिऱ्या दोन दिवसाचा. आप्पा म्हणले, आनंदराव, आधी गोऱ्हा बघा. बघितला. कान लांब, पानावानी दुमडलेले. कपाळ फुगीर. देवणीचं असं नसतंय. सटवाजी गड्याला बाजूला घेतलं, तर त्यानं कबूल केलं, शेजारच्या शिवारातला गीर वळू दावं तोडून आला व्हता, चंद्रीला लागला. मी परत आलो. आप्पा वर ओसरीवर, मी खाली अंगणात उभा. आप्पा म्हणले, अस्सल हाय आपला, आजच नोंद करा. अन् कशाला आलता म्हणून इचारलं. मी तुझं सांगितलं. लगीच कागद घेऊन चिठ्ठी लिहाया बसले. वर ते लिहून राहिले, खाली मी वही उघडून उभा. काय लिहिणार व्हतो मी, बाई?”

“त्यांनी सांगितलं तुम्हाला? असंच लिहा म्हणून?”

“सांगाया कशाला लागतंय. कळतंय की.”

“मग शेरा तरी कशाला लिहिला?”

“जनावराचं खोटं लिहिलं की पुढची समदी वासरं चुकत्यात. कुठंतरी खरं असाया पायजे.” ते थांबले. “अन् छापताना शेरा येत न्हाई हे मला माहीत व्हतं. म्हणून लिहू शकलो.”

आनंदराजांनी लॅपटॉप तिच्याकडं सरकवला. “काढून टाक ते. तुला येतंय ना काढाया?”

सबंध दिवसात बसलेल्या धक्क्यांपैकी हा सगळ्यात मोठा. एसटीत येताना ज्योत्स्नानं मनातल्या मनात भांडण तयार करून ठेवलं होतं: बाबा म्हणतील राहू दे, खरं आहे ते दिसू दे, आणि ती म्हणेल, उद्याचा दिवस तरी जाऊ द्या. इथं सगळं उलटंच झालं. तिला रडायला यायला हवं होतं, पण राग आला, आणि त्या रागातच तिनं रिकाम्या साच्याची ओळ लिहिली. पानं पुन्हा रचली गेली. एकशे त्रेसष्ट पानं एका क्षणात स्वच्छ.

“झालं,” ती म्हणाली. “बघा.”

आनंदराजांनी पान वरून खाली बघितलं, मग खालून वर. बसवराज, त्याचा बाप, त्याचा बाप हिऱ्या, त्याचा बाप देवणी.

“आता कुणालाच कळायचं न्हाई?”

“नाही.”

“शेरा हाय पण आत?”

“आहे. पण त्याला बोलायची बंदी केलीय. माझ्यानंतर कुणी फाइल उघडली तरच.”

ते पुन्हा त्या पानाकडं बघत राहिले. वही तपासून बघावी तसं बोट एकेका ओळीवर. “देगलूरच्या उज्वलाबाईचा परवा फोन आला व्हता,” ते म्हणाले. “अस्सल देवणीचाच गोठा करायचाय म्हणली, गाय बसवराजला लावू का. मी हाव म्हणलो. ती म्हणली, तुम्ही हाव म्हणलात मंजी झालं.” त्यांनी चष्मा काढला. “मला वाटत व्हतं, खोटं एकदाच बोललोय मी. सतरा वर्षं झाली म्हणत व्हतो. तर परवा पुन्हा बोललोच की.”

सरजाबाई बाहेर आली. तिच्या हातात इस्त्री केलेला शर्ट होता. तो तिनं खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि जमिनीवर बसली.

“तसं रिकामं ठेवू नको,” आनंदराज ज्योत्स्नाला म्हणाले. “अन् मघाचं तसं सांडलेलंबी नको. नीट लिहिता येतंय ना त्यात?”

“येतं. शेऱ्यासाठी नीट साचा करते. हिऱ्याच्या नावाखाली, चौकटीत. काय लिहू?”

आयुष्यभर नोंदी केल्या त्याच सुरात त्यांनी सांगितलं आणि तिनं टाइप केलं: ‘दुरुस्ती. हिऱ्याचा बाप देवणी नाही, गीर आहे. ही नोंद मी, आनंदराज सोनकांबळे, माहीत असून चुकीची केली. ती आज बरोबर करत आहे.’

“आणि कारण?” ज्योत्स्नानं विचारलं.

“कारण नको. तुझं नाव माईकवर नको.”

“आप्पांना आधी सांगायचं का?”

“आधी सांगितलं तर वाचूच द्यायचे न्हाईत. अन् त्यांना काय सांगायचं? त्यांना ठाऊकच हाय.”

सकाळी देवणीला जाताना जीपमध्ये ज्योत्स्ना मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. पुढं आनंदराज पांढऱ्या शर्टात, ताठ. ती त्या चार वाक्यांकडं पुन्हा पुन्हा बघत होती. कारण लिहिलेलं नसलं की लोक कारण लावतात, आणि आपल्याकडं लोकांना एकच कारण ठाऊक असतं: पैसे खाल्ले असतील. वसतिगृहाच्या त्या खोलीत ती चार वर्षं झोपली होती. तिथंच ती हे सगळं शिकली, साचे लिहायला, टॅग वाचायला. त्या चार वर्षांची किंमत बाबांनी एकट्यानं चौकटीत उभं राहून का द्यावी? तिनं पाचवं वाक्य टाइप केलं आणि पान चढवून दिलं. बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी खोडायला लावलं असतं.

प्रदर्शनाला तुडुंब गर्दी होती. पांढरी, काळ्या ठिपक्यांची, काळ्या तोंडाची जनावरं रांगेनं बांधलेली, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा. बसवराजचा पहिला नंबर आला. सटवाजीच्या मुलानं त्याला रिंगणात आणलं तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. महादेवप्पा पहिल्या रांगेतल्या खुर्चीत काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते, पंच्याहत्तरीतला माणूस, पण मान अजून वळूसारखीच. वेबसाइट त्यांच्याच हातानं उघडली गेली, टाळ्या पडल्या. मग आनंदराज माईकपुढं आले. हातात ज्योत्स्नाचा फोन, त्यावर बसवराजचं पान.

“बसवराज,” त्यांनी नेहमीच्या सुरात सुरुवात केली. “रंग वानेरा, जन्म दोन हजार एकोणीस. बाप शिरपा. शिरप्याचा बाप हिऱ्या. दुरुस्ती. हिऱ्याचा बाप देवणी नाही, गीर आहे. ही नोंद मी, आनंदराज सोनकांबळे, माहीत असून चुकीची केली. ती आज बरोबर करत आहे.”

आवाज कुठं कापला नाही. पहिल्यांदा कुणाच्या लक्षातच आलं नाही. वंशावळीत काय ऐकायचं असतं ते लोकांना पाठ असतं, त्यामुळं कान उघडे ठेवून कुणी ऐकत नाही. मग पुढच्या रांगेत कुणीतरी मान वळवली, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं मैदान गप झालं.

आनंदराजांचं बोट खाली सरकलं आणि थांबलं. पाचवं वाक्य त्यांना आत्ता दिसत होतं. तीस वर्षांत पहिल्यांदाच वंशावळ मध्ये थांबली. त्यांनी गर्दीत ज्योत्स्नाला शोधलं. ती लाउडस्पीकरच्या खांबाजवळ उभी होती, हात एकमेकांत घट्ट. तिनं मान हलवली. हो, वाचा.

“कारण,” आनंदराजांनी वाचलं. आता आवाज नेहमीचा राहिला नव्हता. “मुलगी ज्योत्स्ना हिला नांदेडच्या वसतिगृहात जागा मिळावी म्हणून महादेवप्पा बिरादार यांची चिठ्ठी हवी होती.” मग त्यांनी चंद्रीचं नाव वाचलं, चंद्रीच्या आईचं वाचलं, वंशावळ पुरी केली आणि फोन खाली घेतला.

हार घेऊन उभा असलेला माणूस हार घेऊन तसाच उभा राहिला. महादेवप्पा उठले. काठी टेकत ते माईकपाशी आले, आणि ज्योत्स्ना धावत बाबांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. आता हे काय बोलतील, याची तिनं सगळी तयारी केली होती. शिव्या देतील, नाही म्हणतील, खोटारडा म्हणतील. पण त्यांचा चेहरा रागावलेला नव्हताच. तो पार उतरला होता.

“आनंदराव,” महादेवप्पा म्हणाले, “कुठला गीर वळू?”

आनंदराज त्यांच्याकडं बघत राहिले. “शेजारच्या शिवारातला. सटवाजीनं सांगितलं न्हाई तुमाला?”

“सटवाजी मला काहून सांगल? त्याच्या राखणीत झालं मंजी त्याची नोकरी गेली असती. देवाशपथ सांगतो, मला ठाऊक न्हवतं.” त्यांना धाप लागली होती. “अन् चिठ्ठी? चिठ्ठीचा अन् गोऱ्ह्याचा काय संबंध? पोरगी हुशार म्हणून दिली मी चिठ्ठी. तुम्ही गोऱ्हा गाढवाचा हाय म्हणून लिहिलं असतं तरी दिली असती. जूनमधी मी दिवसाला चार चिठ्ठ्या लिहीत व्हतो.”

ज्योत्स्नानं बाबांचा दंड धरला. सतरा वर्षं. जेवणाविना गेलेली ती रात्र, निवडून दिलेल्या पाच फायली, देगलूरच्या बाईला दिलेला होकार. जी किंमत म्हणून हे सगळं केलं, ती कुणी मागितलेलीच नव्हती.

“मला नुसतं सांगायचं व्हतं, आनंदराव,” महादेवप्पा म्हणाले. “एवढं भ्यायचं काय कारण व्हतं?”

आनंदराजांनी खिशातला टेप काढला, उगाच हातात धरला आणि पुन्हा ठेवला.

“तुम्ही वर बसला व्हता, आप्पा,” ते म्हणाले. “मी तासभर खाली उभा व्हतो. तीस वर्षं तुमच्या दारात आलो, दर वेळी उभाच व्हतो. त्या दिवशी एकदा तुम्ही मला वर या, बसा म्हणला असता, तर मी खरं लिहिलं असतं.”

महादेवप्पांनी मागं वळून सत्कारासाठी मांडलेल्या खुर्च्यांकडं बघितलं, आणि बराच वेळ तिकडंच बघत राहिले.